जरा हललेला

नंदू पळसुले रिटायर झाला तेव्हा त्याच्या मुलीने, ईशानीने, त्याला कॅमेरा दिला. डिजिटल, काळाभोर, गळ्यात अडकवला की मान खाली खेचणारा. "डॅड, यू नीड अ हॉबी," ती म्हणाली. यामागे रश्मीचा हात आहे हे नंदूला तिथल्या तिथे कळलं. इतकी वर्षं जो नवरा रोज सकाळी गो ट्रेनने टोरांटोला जात होता, तो आता दिवसभर घरात बसून डिशवॉशरमध्ये भांडी कशी लावावीत यावर बोलत राहणार, हे तिने वर्षभर आधीच ओळखलं होतं.

ओकव्हिलमध्ये रिटायर झालेल्या आणि हातात कॅमेरा आलेल्या माणसाने काय करायचं हे ठरलेलं आहे. त्याने लेकवर जायचं आणि गूज पक्ष्यांचे फोटो काढायचे. गूज म्हणजे ती रस्त्याच्या मधोमध चालणारी, गाड्या अडवणारी माजोरी बदकं. नंदूनेही सहा महिने तेच केलं. उडणारं गूज, पोहणारं गूज, सूर्यास्तातलं गूज. संध्याकाळी तो कॉम्प्युटरवर एकेक फोटो रश्मीला दाखवायचा आणि ती कोथिंबीर निवडत म्हणायची, "अहो, हे कालचंच नाही का?"

मग त्याने मोर्चा तिच्याकडे वळवला. फोडणी देताना रश्मी, फोनवर बोलताना रश्मी, कारच्या काचेवरचा बर्फ खरवडताना रश्मी. ती वैतागून लाटणं उगारायची आणि तोही फोटो चांगला यायचा.

हे त्याला नवीन नव्हतं, आणि रश्मीलाही ते ठाऊक होतं. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना नंदूकडे मामाने दिलेला जुना कॅमेरा होता. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये बल्बला लाल कागद गुंडाळून तो फोटो धुवायचा आणि बाहेर आंघोळीला खोळंबलेली पोरं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पण फोटो बघितले की गप्प व्हायची. त्याचा हात कधी हलायचा नाही ही त्याची ख्याती होती. स्टँड नाही, फ्लॅश नाही, मेसमधल्या मिणमिणत्या उजेडात तो श्वास रोखून असा काही उभा राहायचा की फोटोत समोरच्याच्या भुवईचा केस न् केस दिसे. "नंद्याचा हात म्हणजे भिंत आहे," असं त्याचा रूममेट राजन कर्णिक सगळ्यांना सांगत फिरायचा.

राजनला तसं सांगायचं कारणही होतं. त्याच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा मुलींकडे पाठवायला फोटो हवा होता. नंदूने त्याला रेक्टरचा कोट मागून आणून घातला, जिन्यातल्या खिडकीपाशी बसवलं आणि असा फोटो काढला की राजनच्या आईनेच विचारलं, हा कोण. तो फोटो बघून सुहासिनीने होकार दिला. "मी फोटोला हो म्हटलं होतं, माणूस नंतर बघितला," हे ती अजूनही ओकव्हिलभर सांगते, आणि राजन दरवेळी तेवढ्याच खुशीत हसतो.

पुढे दोघेही कॅनडात आले. नोकरी, मॉर्गेज, मुलांचं स्विमिंग, फावड्याने बर्फ काढत ड्राइव्हवे शोव्हल करणं. मामाचा कॅमेरा बेसमेंटमध्ये चीज वितळवायच्या फॉन्ड्यू सेटच्या शेजारी जाऊन बसला आणि तिथेच राहिला.

नंदूतला फोटोग्राफर खऱ्या अर्थाने परत जागा झाला तो मराठी मंडळातल्या मुकुंदरावांच्या अंत्यविधीला.

आपल्या लोकांची एक रीत आहे. माणूस धडधाकट असेपर्यंत त्याचा एकट्याचा असा फोटो कुणी काढत नाही. काढतात ते सगळे घोळक्याने, कुणाच्या तरी लग्नात, नाहीतर नायगाऱ्याला पाठ करून. मग माणूस गेला की घरात धावपळ सुरू होते, फोटो शोधा, फोटो शोधा. मुलं रडत रडत कॉम्प्युटर उलथेपालथे करतात आणि शेवटी कुठल्यातरी घोळक्यातून बापाला कापून काढतात. मुकुंदरावांचं तसंच झालं. फ्यूनरल होममध्ये, हार घातलेल्या फ्रेममध्ये मुकुंदराव अर्धवट हसत बाजूला बघत होते. त्यांच्या खांद्यावर कुणाचातरी अंगठी घातलेला पंजा राहून गेला होता, आणि खालच्या कोपऱ्यात कागदी प्लेटचा तुकडा, त्यावर अर्धा गुलाबजाम.

भटजी मंत्र म्हणत होते आणि नंदूला त्या गुलाबजामवरून नजर हलवता येईना. मुकुंदरावांची बायको शीला समोर बसली होती. तिला तो दिसत नव्हता किंवा दिसूनही चालत होता. नंदूला मात्र मनापासून संताप आला. सत्तर वर्षं जगलेल्या माणसाची शेवटची ओळख म्हणजे हे?

"मंडळातल्या सगळ्या ज्येष्ठांचे मी फोटो काढणार," घरी येताना कारमध्ये तो म्हणाला. "नीट. एकेकाला बसवून. खिडकीच्या उजेडात."

"गूजपेक्षा बरं," रश्मी म्हणाली.

सुरुवात झाली ती आबांपासून. आबा म्हणजे चित्राचे सासरे. चित्रा मंडळाची सेक्रेटरी, तिच्या शब्दाला वजन. आबांची अठ्ठ्याऐंशी वर्षं उलटली होती आणि चेहरा असा, की कुठूनही बघा. नंदूने दिवाळीच्या आधी एका दुपारी त्यांना खिडकीपाशी बसवलं, नातवाबद्दल विचारलं आणि ते बोलता बोलता क्षणभर थांबले तेव्हा बटण दाबलं. फोटो बघून चित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तो मंडळाच्या सगळ्यांना ईमेल केला. नंदूला चार दिवस फोन येत होते.

थंडी ओसरायच्या आत आबा गेले. झोपेत, शांतपणे, कुणालाही होईल तसं. फ्यूनरल होममध्ये नंदूचाच फोटो लावला होता, मोठा, लाकडी फ्रेममध्ये. लोक दर्शन घेऊन परत फिरताना नंदूपाशी थांबत आणि हळूच म्हणत, "काय फोटो आहे हो!" नंदू हात जोडून मान खाली घालत होता. पण खोटं कशाला सांगा, त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं प्रदर्शन होतं आणि त्याला आतून गुदगुल्या होत होत्या. त्याची त्याला लाजही वाटत होती. दोन्ही एकदम.

त्यानंतर रश्मीच्या मागे मागे कॅमेरा घेऊन फिरणं त्याने बंद केलं. आता सिरियस काम करायचंय, असं तो म्हणाला.

दुसऱ्या होत्या मंडळातल्या सुनंदाच्या आई. नव्वदी पार केलेल्या, नऊवारीतल्या. फोटो अप्रतिम. उन्हाळ्यात त्या गेल्या. तिसरे दादासाहेब, मंडळाचे पहिले अध्यक्ष. ते तर फोटो पोस्टाने हातात पडला त्याच आठवड्यात गेले. त्यांची फुप्फुसं किती वर्षं कुरकुरत होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती गोष्ट त्या आठवड्यात कुणालाच आठवली नाही.

कुणी काही बोललं नाही. आपल्याकडची शिकलेली माणसं अशा गोष्टी बोलत नाहीत. मंडळात निम्मे इंजिनिअर, दोन पीएचडी, आणि एक तर ॲक्च्युअरी, म्हणजे माणसं केव्हा मरतात या अंदाजावरच ज्याचं पोट चालतं असा. पण पुढच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, नंदूने कॅमेरा वर केला आणि समोरचा सोफा रिकामा झाला. कुणाला पाणी हवं होतं, कुणाला वॉशरूम.

नंदूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जेवणं झाल्यावर त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"हे बघा, तुमच्या डोक्यात काय आहे ते मला कळतंय. पण सॅम्पल बघा ना जरा! मी फोटो कुणाचे काढले? ज्यांचे चेहरे बघण्यासारखे आहेत त्यांचे. म्हणजे म्हाताऱ्यांचे. म्हातारी माणसं जातात. माझ्याकडे कॅमेऱ्याऐवजी चमचा असता आणि मी त्यांना श्रीखंड भरवलं असतं, तरी ती गेली असती."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ॲक्च्युअरीने तर त्याच्या पाठीवर थाप मारली. "टोटली ॲग्री, नंदू. स्टॅटिस्टिकली, इट्स नथिंग."

"मग बस इथे खुर्चीत."

"आज नको रे. हेअरकट नाही केलेला." ॲक्च्युअरीला पूर्ण टक्कल होतं.

गणपतीत तर कहरच झाला. शाळेच्या जिममध्ये आरती सुरू होती. नंदू डावीकडे गेला की गर्दी टाळ वाजवत उजवीकडे सरके, तो उजवीकडे आला की डावीकडे. एक गृहस्थ संपूर्ण आरतीभर तोंडासमोर आरतीचं पुस्तक धरून उभे होते, ज्यांना आरत्या पाठ असल्याचा सगळ्यात जास्त अभिमान होता. शेवटी चित्रा आली. तिला वाईट वाटत होतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नंदूकाका, कमिटीत असं ठरलंय की या वर्षी तुम्ही फूड फोटोग्राफी करावी. वेबसाइटसाठी. तुमचा आय इतका छान आहे!"

नंदूने मुकाट्याने मोदकांचे फोटो काढले. मोदकही संध्याकाळपर्यंत टिकले नाहीत, असं मागे कुणीतरी पुटपुटलंच.

या सगळ्यांवर सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं ते राजनने. राजन कर्णिक म्हणजे मंडळाचा अधिकृत विवेकवादी. मंडळाच्या वार्षिक अंकात दरवर्षी त्याचा अंधश्रद्धेवर लेख असायचा. घर घेतानासुद्धा त्याने रस्त्यावरचं तेरा नंबरचं मुद्दाम निवडलं होतं आणि वास्तुशांतीऐवजी बार्बेक्यू केला होता. "अरे, ही माणसं टर्बाइन डिझाइन करतात आणि कॅमेऱ्याला घाबरतात!" तो गरजायचा. "नंद्या, तू लक्ष देऊ नकोस."

नंदूला खरं तर एकच चेहरा हवा होता, आणि तो हाच. बाकीचे सगळे त्याची पूर्वतयारी होती म्हटलं तरी चालेल. हॉस्टेलच्या जिन्यातला, रेक्टरच्या कोटातला तो पोरगा आणि आजचा हा, कपाळावर आठ्या आणि गालांवर खळ्या घेऊन बसलेला म्हातारा. याचा फोटो आपल्या हातून झाला की आपण पुन्हा फोटोग्राफर झालो, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. चाळीस वर्षं मधे गेली ती त्या एका फोटोने भरून निघणार होती.

"मग तू बस ना," तो म्हणाला.

"बसतो की. आज नको, दाढी वाढलीये."

पुढच्या वेळी उजेड नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी राजनची स्किन विंटरमध्ये ड्राय होत होती. चौथ्यांदा नंदूने कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही, नुसतं बघितलं.

"तूसुद्धा, राजन?"

"मी? वेड लागलंय का तुला? अरे, मला मुळात फोटोचाच कंटाळा आहे."

नंदूने बॅग खांद्याला लावली आणि निघाला. महिनाभर त्याने राजनचे फोन घेतले नाहीत. इतरांचं त्याला हसू येत होतं. याचं मात्र लागलं. कॅमेरा कपाटात गेला. नंदू डिशवॉशरकडे परतला आणि रश्मीने देवाला हात जोडले.

जानेवारीत सुहासिनीचा फोन आला. राजनला ड्राइव्हवे शोव्हल करता करता छातीत दुखलं होतं. तपासण्या झाल्या, तीन नळ्या बंद निघाल्या. बायपास करायचं ठरलं होतं, पुढच्याच बुधवारी. नंदू बूट घालून निघणार तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. या वेळी राजन होता.

"तू येऊ नकोस. मीच येतो शनिवारी. फोटो काढायचाय."

शनिवारी तो आला. सुहासिनीने गाडी चालवली. दारात त्याने विंटर जॅकेट काढलं तेव्हा आत राखाडी सूट होता, टाय होता, आणि बर्फाचे बूट काढल्यावर खाली जाडजूड लोकरी मोजे. एवढ्या सगळ्यातही नंदूला हसू आलं. सुहासिनी रश्मीबरोबर किचनमध्ये गेली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला, मग दोघींचं हळू बोलणं, मग कुणीतरी नाक शिंकरल्याचं.

"मुकुंदाचा तो फोटो आठवतो?" राजन खुर्चीत बसत म्हणाला. "तो गुलाबजाम?"

"आठवतो."

"मला तसं जायचं नाहीये. सुहासिनीने एका फोटोवर हो म्हटलं होतं, निदान दुसरा तेवढ्याच तोलाचा असू दे. काय ते तुझं लाइट बिइट बघ."

"काहीतरी बोलू नकोस. रोज हजारो बायपास होतात. रुटीन आहे."

"तेच डॉक्टर म्हणाला. काढ तू."

खिडकीबाहेर बॅकयार्डभर ताजा बर्फ होता. त्यावरून उसळलेला उजेड खालून वर राजनच्या चेहऱ्यावर येत होता. डोळ्यांखालच्या सावल्या विरघळल्या होत्या आणि प्रत्येक सुरकुती नीट वाचता येत होती. असा उजेड नंदूला दोन वर्षांत एकदाही मिळाला नव्हता. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. राजन थोडा वेळ ताठ बसला, मग दमला, खांदे सैल सोडले आणि सरळ लेन्समध्ये बघू लागला. आठ्या होत्या, खळ्या होत्या, आणि मागे कुठेतरी तो रेक्टरच्या कोटातला पोरगाही होता. सगळं एका चौकटीत होतं. नुसतं बोट दाबायचं होतं.

नंदूचं बोट हलेना.

आधी त्याला वाटलं, फोकस. मग वाटलं, एक्स्पोजर. तेही पुन्हा तपासून झालं तेव्हा त्याला कळलं की आपल्याला भीती वाटते आहे. साधी, अडाणी भीती, अंधाऱ्या माळ्यावर जाताना लहान पोराला वाटते तशी. आबा अठ्ठ्याऐंशीचे होते, तो मनात म्हणाला. सुनंदाची आई नव्वदीपार. दादासाहेबांची फुप्फुसं गेलेली. सॅम्पल बायस. स्टॅटिस्टिकली, इट्स नथिंग. हे सगळं त्याने स्वतःलाच पॉटलकमध्ये सांगितलं तसं मुद्देसूद सांगितलं, आणि ॲक्च्युअरीने डोलावली तशीच मानही डोलावली, आणि बोट जिथल्या तिथे राहिलं.

"काय झालं?" राजनने विचारलं.

"काही नाही. सेटिंग."

नंदूने अंगठ्याने एक चकती फिरवली. शटर अर्धा सेकंद उघडं राहील असं केलं. मग बटण दाबलं आणि दाबता दाबता मनगटाला एक झटका दिला. पुन्हा दाबलं, पुन्हा झटका. पाच-सहा वेळा.

"बघू," राजन म्हणाला आणि हात पुढे केला.

लहानशा स्क्रीनवर राखाडी सुटातला एक धूसर माणूस होता. त्याला दोन नाकं होती आणि डोळ्यांच्या जागी काळपट रेघा. राजनने पुढचा बघितला, त्याच्या पुढचा बघितला. सगळे तसेच. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि नंदूकडे बघितलं.

"तुझा हात कधीपासून हलायला लागला रे?"

"वय झालं," नंदू म्हणाला.

"हो," राजन म्हणाला. "वय झालं खरं." मग तो खाली मान घालून कॅमेऱ्याचा पट्टा उगाच सरळ करत बसला. कॅमेरा परत देताना म्हणाला, "छान आलाय. यातलाच एक प्रिंट करून दे."

रश्मीने चहा आणला. त्यात आलं जरा कमी पडलंय, यावर दोघांचं एकमत झालं. दोन विवेकवादी माणसांना एकमेकांशी यापेक्षा जास्त काय बोलता आलं असतं?

बायपास झाली. डॉक्टर म्हणाला होता तशीच, रुटीन. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला राजन हजर होता, दहा किलोंनी उतरलेला आणि आवाजाने तेवढाच वाढलेला. जमलेल्यांना तो ऑपरेशनची कथा रंगवून सांगत होता आणि शेवटी खिशातून फोटो काढून दाखवत होता. "हा बघा, नंदूने काढलेला. यमदूत आले होते की! हाच फोटो घेऊन आले होते. आख्ख्या हॉस्पिटलभर फिरले, चेहराच जुळेना बिचाऱ्यांना. गेले परत."

लोक पोट धरधरून हसले. नंदूही हसला. विनोद विनोदाच्या जागी होता.

पण पुढच्याच आठवड्यात मुकुंदरावांच्या शीलाचा फोन आला. तिची गुडघ्याची सर्जरी होती. "नंदूभाऊजी, माझा पण एक काढता का? तसाच. जरा हललेला." मग ॲक्च्युअरी आला, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट घेऊन. "जस्ट फॉर फन," म्हणाला आणि खुर्चीत अगदी शहाण्या मुलासारखा बसला. मग सुनंदा आणि तिचा नवरा, जोडीने. त्या वर्षीच्या गणपतीत नंदूसमोर रांग लागली. चित्राने त्यासाठी वेगळं टेबल मांडून दिलं, मागे पडदा लावला आणि मोदकांचे फोटो दुसऱ्या कुणाला तरी सोपवले. फोटो दाखवला की लोक मान वाकडी करून, डोळे बारीक करून बघत. "काका, माझं नाक जरा स्पष्ट आलंय. अजून थोडं हलवता का?"

चाळीस वर्षं भिंतीसारखा राहिलेला हात नंदू तासन्‌तास हलवत होता. हलवण्यातही कसब असतं हे त्याला कळलं होतं. फार हलवला तर लोक नाराज होत, आपण आहोत हे तर कळायला हवं ना! वार्षिक अंक आला. त्यात नेहमीप्रमाणे राजनचा अंधश्रद्धेवर लेख होता, या वर्षीचा जरा जास्तच जहाल. लेखाच्या डोक्यावर लेखकाचं छायाचित्र म्हणून तोच, दोन नाकांचा.

"तुला लाज नाही वाटत?" नंदूने फोनवर विचारलं.

"वाटते ना," राजन म्हणाला. "पण दुसरा फोटो कुठाय माझ्याकडे?"

ऑक्टोबरातल्या एका दुपारी नंदू लेन्स पुसत बसला होता. रश्मी वरून खाली आली. अंजिरी रंगाची साडी, केस नीट बांधलेले. मंडळाचा कार्यक्रम नव्हता, कुणाकडे जायचंही नव्हतं. ती खिडकीपाशी गेली, खुर्ची सरकवली आणि बसली.

"काढा," ती म्हणाली.

"काय?"

"फोटो. आणि हललेला नकोय मला. नीट काढा."

नंदू पुसलेली लेन्स पुन्हा पुसू लागला. "उजेड जरा..."

"उजेड भरपूर आहे. अहो, जगाला तुम्ही सॅम्पल बिंपल शिकवलंत. राजनभाऊजींवर महिनाभर रुसलात. पण आबा गेले त्या दिवसापासून तुमचा कॅमेरा माझ्याकडे एकदा तरी वळलाय का? त्याआधी मला साधी फोडणी देऊ देत नव्हतात." ती हसत होती, पण डोळे त्याच्यावरून हलवत नव्हती. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बाकीच्यांच्या आधी तुम्हीच घाबरलात."

नंदूने पुसायचं फडकं घडी करून ठेवलं. आबांच्या फ्यूनरलमधून घरी आल्यावर, कोट काढायच्याही आधी, त्याने कॅमेऱ्यातले रश्मीचे सगळे फोटो पुसून टाकले होते. फोडणीचे, फोनवरचे, लाटण्याचासुद्धा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"ईशानीला ऐनवेळी शोधाशोध नको," रश्मी म्हणाली. "आणि माझ्या खांद्यावर कुणाचा पंजा नको, गुलाबजाम तर मुळीच नको. मला आवडतही नाहीत."

त्याने कॅमेरा उचलला. बाहेर मेपलची पानं गळून गवतावर पडली होती आणि त्यांचा तांबूस उजेड तिच्या हनुवटीवर आला होता. त्याने श्वास रोखला. हात थरथरत होता, खराखुरा, मनगटापासून. तो थांबला, कोपरं छातीशी घट्ट धरली, हॉस्टेलमध्ये धरायचा तशी, आणि हात थांबल्यावर बटण दाबलं.

"झालं?"

"झालं." लगेच त्याचा अंगठा चकतीकडे गेला. "आता तशीच बस. एक वाईटही काढून टाकू."

रश्मी एवढ्या मोठ्याने हसली की त्याला वेगळा झटका द्यावाच लागला नाही.

तिने दोन्ही प्रिंट करून घेतले. हललेला तिने हॉलमध्ये, टीव्हीच्या वर लावला. घरी येणारे लोक त्याच्यासमोर उभे राहतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, वा, नंदूचा हात आता छान बसलाय. चांगला फोटो तिने वरच्या कपाटात, तिच्या लग्नाच्या शालूखाली ठेवला आहे. कुठे ठेवलाय ते तिने ईशानीला फोन करून सांगितलं. "मॉम, व्हाय वुड आय नीड टु नो दॅट?" असं ईशानीने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, असू दे, माहीत असलेलं बरं. अधूनमधून, रश्मी ग्रोसरीला गेली की नंदू वर जातो, शालू उचलतो आणि तो फोटो जागेवर आहे ना ते बघतो. त्याने आयुष्यात काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे, आणि तो कुणीही बघू नये अशी त्याची इच्छा आहे.